पाण्यात कोण उतरलं?

वाळूतून वर आलेल्या त्या फासळ्या लेकीला आधी दिसल्या. "आई, व्हेल!" असं ओरडत ती पळाली आणि जवळ गेल्यावर एकदम गप्प झाली. व्हेल नव्हता, जहाज होतं. म्हणजे जहाजाचं जे काही उरलं होतं ते. वाकवलेली जाड लाकडं एका रांगेत वाळूत रुतलेली, मधे साचलेल्या पाण्याचं डबकं, आणि डबक्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारे दोन पाणपक्षी.

मी लाकडावर हात ठेवला. ऊनपावसानं ते राखाडी झालं होतं. माडाची झावळी दोन पावसाळे अंगणात पडून राहिली की देठाचे तंतू सुटतात, तसे त्याचे तंतू सुटले होते. लोखंडी खिळे गंजून फुगले होते आणि प्रत्येक खिळ्याभोवतीचं लाकूड काळंशार झालं होतं. एका भोकातली लाकडी खुंटी मात्र जागच्या जागी होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणा सुतारानं ती ठोकून बसवली असेल, ती अजून सुटलेली नाही.

नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याबाहेर, मुख्य भूमीपासून सुटून, समुद्रात वाळूच्या बेटांची एक लांबलचक माळ आहे. तिला आऊटर बँक्स म्हणतात. आम्ही राहतो त्या कॅरीपासून ही बेटं मोटारीनं साडेतीन-चार तासांवर. कॅरीत मराठी माणसं पुष्कळ. गणपतीत ढोल-ताशे वाजतात, दिवाळी अंक हातोहात फिरतात. सुट्टी लागली की त्यातली निम्मी याच किनाऱ्यावर असतात. मीही दहाबारा वर्षं इथे येते आहे. आधी समुद्र बघायला यायचे. आता या फासळ्यांसाठी येते.

हे जहाज लॉरा ए. बार्न्स. चार डोलकाठ्यांचं, शिडाचं. १९१८ साली मेन राज्यातल्या कॅम्डेनमध्ये बांधलेलं. जून १९२१ मध्ये ते या किनाऱ्यावर चढलं. खलाशी सगळे वाचले. कोकिना बीचच्या या पुळणीवर ते कधी वाळूखाली झाकलं जातं, कधी एखाद्या वादळानंतर उघडं पडतं. त्या दिवशी आमचं नशीब चांगलं होतं.

"यातली माणसं कुठे गेली?" लेकीनं विचारलं.

"वाचली. जवळच्या जीवरक्षक ठाण्यातल्या लोकांनी काढली त्यांना."

"पाण्यात उतरून?"

हा प्रश्न मला चांगला ओळखीचा होता. माझ्या आजीचा होता तो.

माझं आजोळ रेवसजवळचं. कुठेही होडी उलटल्याची, कुणी बुडाल्याची बातमी आली की किती गेले हे आजी आधी विचारायची नाही. ती विचारायची, "पाण्यात कोण उतरलं का?" याचं कारण रामदास बोट. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिना उरला होता. आषाढ संपत आलेला, सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि तासाभरात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. आजीचा चुलतभाऊ, आमचा मामाआजोबा, त्या बोटीत होता. तो वाचला. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी दर्यात लोटून दिली आणि तिच्या जागी माणसं घेतली. आजी हे सांगायची तेव्हा "मासळी लोटली" या शब्दांवर थांबायची. पावसाळ्यात ती मासळी म्हणजे काय असतं, हे तिला ठाऊक होतं.

तर, आऊटर बँक्स. इथे सहाशेहून जास्त जहाजं फुटली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. 'अटलांटिकची स्मशानभूमी' हे नाव चहाच्या मगांवरही छापलेलं मिळतं. इतकी जहाजं इथेच का फुटली, हे मात्र किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी नकाशा लागतो. दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह वर येतो, उत्तरेकडून थंड पाणी खाली येतं, आणि या बेटांमधल्या हॅटरसच्या टोकाशी दोघांची गाठ पडते. शिडाच्या जहाजांना उत्तरेला जाताना हा प्रवाह फुकटचं बळ द्यायचा. पण दक्षिणेला निघालेल्यांना तोच मागे रेटायचा. म्हणून ती किनारा धरून, प्रवाह टाळून जायची. आणि नेमकी तिथेच डायमंड शोल्सची वाळू पाण्याखालून दहाबारा मैल समुद्रात घुसलेली. त्यात ईशान्येचं वादळ उठलं की एका बाजूला प्रवाह, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मधे जहाज.

आपल्याकडे कोकणात धोका दगडाचा असतो. खडक जागचा हलत नाही. तांडेल तो बापाकडून शिकतो आणि मुलाला शिकवतो. इथली वाळू दर वादळाला जागा बदलते. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. सप्टेंबर १८४६ च्या एका वादळात समुद्रानं बेटं फोडून दोन नवी मुखं केली, ओरेगन इनलेट आणि हॅटरस इनलेट. काल जिथून माणूस चालत जायचा, तिथून आज जहाज जायला लागलं. अशा ठिकाणी तांडेलानं मुलाला काय शिकवावं?

बेटांवरच्या लोकांचं फुटलेल्या जहाजांशी नातं सरळ नव्हतं, आणि ते मला लपवावंसं वाटत नाही. जहाज फुटलं की मालाचा जाहीर लिलाव व्हायचा. त्यासाठी सरकारनं नेमलेला माणूस असायचा. जहाजांच्या तुळया घरांना लागायच्या. नॅग्ज हेड या गावाच्या नावाबद्दल एक आख्यायिका आहे. घोड्याच्या गळ्यात कंदील बांधून त्याला रात्री वाळूच्या टेकड्यांवरून फिरवायचे, म्हणजे दूरच्या जहाजाला ती नांगरलेल्या बोटीची बत्ती वाटून ते फसावं. खरंखोटं देव जाणे. पण पीक नीट येत नाही अशा वाळूत राहणाऱ्या माणसाच्या दारात समुद्र लाकूड, कापड आणि पीठ आणून टाकत असेल, तर तो ते उचलणारच. आणि त्याच माणसांनी, त्याच रात्री, आधी माणसं काढली आणि मग माल.

सरकारनं माणसं काढण्याचं काम अंगावर घेतलं ते उशिरा, आणि तेही अर्धवट. १८७४ मध्ये या किनाऱ्यावर पहिली सात जीवरक्षक ठाणी उभी राहिली, पण ती वर्षातले काही महिनेच उघडी असायची. २४ नोव्हेंबर १८७७ च्या पहाटे अमेरिकी नौदलाचं ह्यूरन हे जहाज नॅग्ज हेडजवळ किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर अडकलं. दोनेक मैलांवर ठाणं होतं, पण बंद. उघडायला आणखी काही दिवस बाकी होते. ९८ माणसं गेली. दोनच महिन्यांनी, ३१ जानेवारी १८७८ ला, उत्तरेला मेट्रोपोलिस फुटलं. आणखी ८५ गेली. मग पैसे मंजूर झाले, ठाणी वाढली, त्यांचे महिने वाढले. बुडालेल्यांच्या आकड्याखेरीज कुठल्याच सरकारला जाग येत नाही, याचा मला आजही संताप येतो.

ठाण्यातल्या माणसांचं काम मला एका छोट्याशा वस्तूमुळे कळलं. रोडँथी गावात चिकामाकोमिको नावाचं जुनं ठाणं जपून ठेवलंय. तिथे काचेमागे एक पितळी चकती आहे, आपल्या जुन्या पैशापेक्षा थोडी मोठी. रात्री प्रत्येक ठाण्यातून एकेक माणूस दोन्ही दिशांना पुळणीवरून चालत निघायचा. शेजारच्या ठाण्याचा माणूस समोरून यायचा. अर्ध्या वाटेवर भेटले की दोघं आपापली चकती एकमेकांना द्यायचे आणि माघारी फिरायचे. सकाळी ठाण्याच्या प्रमुखाच्या टेबलावर शेजारच्या ठाण्याची चकती असली, म्हणजे माणूस खरंच पूर्ण वाट चालून आला. थंडीत, तोंडावर वाळूचा मारा घेत, एका हातात कंदील. काय बोलत असतील ते दोघं त्या अर्ध्या वाटेवर? तंबाखूची देवाणघेवाण होत असेल, कुणाच्या घरी मूल झाल्याची बातमी सांगत असतील. आणि मग पुन्हा तीन-चार मैल एकट्यानं.

जहाज अडकलेलं दिसलं की एका छोट्या पितळी तोफेनं त्याच्या डोलकाठ्यांवरून दोर उडवायचा. तो दोर धरून जाडजूड दोर जहाजावर न्यायचा, अलीकडचं टोक वाळूत नांगर पुरून पक्कं करायचं, आणि त्या दोरावरून एक तरंगतं कडं सरकवत न्यायचं. त्या कड्याला खाली चड्डी शिवलेली असायची. माणूस तिच्यात पाय घालून बसला की बाकीचे किनाऱ्यावरून ओढायचे. एकेक करून सगळ्यांना. याचा सराव इतक्यांदा करायचा की काळोखात, नुसत्या हाताला समजलं पाहिजे. उन्हाळ्यात आजही त्या ठाण्यावर हा सराव करून दाखवतात. लेक तो बघायला पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती.

आता याच बेटांवरच्या पी आयलंड ठाण्याचं सांगते. एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले.

रिचर्ड एथरिज १८४२ साली गुलाम म्हणून जन्मला. आडनावही मालकाचंच. यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूनं कृष्णवर्णीयांच्या पलटणीत लढला. परत आल्यावर मासेमारी केली, मग जीवरक्षक ठाण्यात लागला, सगळ्यात खालच्या सहाव्या जागेवर. कृष्णवर्णीयांना त्याच्या वर जाऊ देत नसत. १८७९ च्या अखेरीस पी आयलंडजवळ एक जहाज फुटलं, माणसं गेली, चौकशीत तिथल्या गोऱ्या प्रमुखाची हलगर्जी उघड झाली आणि त्याला काढून टाकलं. जानेवारी १८८० मध्ये त्या जागी एथरिजला नेमलं. त्याच्या हाताखाली काम करायला गोरी माणसं राजी नव्हती, म्हणून ठाण्यात सगळीच माणसं कृष्णवर्णीय आली. काही महिन्यांतच ठाणं जळून खाक झालं. कुणी मुद्दाम आग लावली, असा तेव्हाच संशय होता. एथरिजनं ते पुन्हा बांधलं आणि माणसांकडून असा कडक सराव करून घेतला की त्या किनाऱ्यावर पी आयलंडच्या तुकडीचं नाव झालं.

११ ऑक्टोबर १८९६. चक्रीवादळ. समुद्र पुळण ओलांडून बेटभर पसरला होता, इतका की एथरिजनं त्या रात्रीची गस्त थांबवली. तरी थिओडोर मीकिन्स हा माणूस टेहळणीवर होता. त्याला दक्षिणेकडे अंधूक उजेड दिसला. त्यानं मशाल पेटवून खूण केली आणि वाट बघितली. तिकडून उत्तर आलं.

ई. एस. न्यूमन नावाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज. कॅप्टन, त्याची बायको, तीन वर्षांचा मुलगा आणि खलाशी, एकूण नऊ जण. तुकडी गाडीला खेचरं जुंपून गुडघाभर पाण्यातून कशीबशी तिथवर पोचली. आणि तिथे सगळा सराव फुकट गेला. नांगर पुरायला कोरडी वाळूच उरली नव्हती. तोफ चालेना, होडी घालता येईना.

मग एथरिजनं दोन माणसांच्या कमरेला एक जाड दोर बांधला. दोघांना एकमेकांशीही बांधलं. हातात आणखी एक दोर दिला, जहाजावरच्या माणसाला बांधून आणायला. बाकीचे किनाऱ्यावर दोर धरून उभे राहिले आणि ते दोघं त्या पाण्यात उतरले. पोहत जहाजापाशी गेले. वरून दोर आणि शिडी खाली आली आणि पहिल्यांदा कॅप्टनचं मूल खाली दिलं गेलं. त्याला घेऊन ते परतले. मग दुसरी जोडी उतरली, मग तिसरी. थकलेला मागे, ताज्या दमाचा पुढे. अशा नऊ-दहा खेपा. नऊच्या नऊ माणसं काढली. त्या वेळी एथरिज चौपन्न वर्षांचा होता.

मी कुठल्याही वाऱ्याच्या दिवशी त्या पुळणीवर उभी राहते तेव्हा मला तो दोर दिसतो. समुद्रापेक्षाही दोर. ओला, जड, वाळूनं खरखरीत झालेला, आणि पलीकडच्या टोकाला काय चाललंय हे काळोखात फक्त त्याच्या ओढीवरून समजून घेणारे किनाऱ्यावरचे हात.

नंतर कॅप्टन गार्डिनर किनाऱ्यावर शोधत फिरला. जहाजाच्या नावाची फळी त्याला वाहून आलेली सापडली, ती त्यानं तुकडीला दिली. जहाज गेलेल्या माणसाकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

सरकारनं काय दिलं? काहीच नाही. पुढच्याच काळात याच किनाऱ्यावर रासमस मिजेटनं ऑगस्ट १८९९ च्या वादळात प्रिसिला या जहाजावरचे दहा जण एकट्यानं काढले, त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि ते त्याला मिळायलाच हवं होतं. चिकामाकोमिकोच्या माणसांनी ऑगस्ट १९१८ मध्ये मिर्लो या ब्रिटिश तेलवाहू जहाजाभोवती पेटलेल्या समुद्रात होडी घालून ४२ माणसं काढली, त्यांचाही गौरव झाला. पी आयलंडच्या सात जणांना मात्र पदक मिळालं ते १९९६ मध्ये. शंभर वर्षांनी. एथरिजला जाऊन तेव्हा शहाण्णव वर्षं झाली होती. काही अभ्यासकांनी जुनी दप्तरं उकरली, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीनं पुढाऱ्यांना पत्रं लिहिली, तेव्हा कुठे ते झालं. ही नावं मला पाठ आहेत: रिचर्ड एथरिज, बेंजामिन बाउजर, डॉर्मन प्यू, थिओडोर मीकिन्स, लुईस वेस्कॉट, स्टॅनली वाइज, विल्यम आयर्विंग. मीकिन्स पुढे १९१७ मध्ये त्याच पाण्यात बुडून गेला.

आज त्यांच्या ठाण्याच्या जागी काही नाही. पी आयलंड पक्ष्यांसाठी राखून ठेवलंय आणि थंडीत तिथे पांढरे हंस उतरतात. ठाण्याचं तेवढं स्वयंपाकघर मँटिओ गावात आणून जपलंय.

एक गोष्ट राहिलीच. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान इथेच किल डेव्हिल हिल्सवर उडालं, हे आपण शाळेत शिकतो. ते जड यंत्र ओढायला हात लावणारे आणि उड्डाणाचा तो जगप्रसिद्ध फोटो काढणारा माणूस जवळच्या जीवरक्षक ठाण्यातलेच होते. त्या किनाऱ्यावर हाक मारली की येणारी माणसं तीच.

ऑक्राकोक बेटावर ओकच्या झाडीत चार थडगी आहेत. मे १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या या किनाऱ्यावर जहाजांमागून जहाजं बुडवत होत्या, तेव्हा मदतीला आलेली बेडफर्डशर ही छोटी ब्रिटिश बोट त्यांनी बुडवली. ३७ च्या ३७ गेले. चौघांचे देह बेटाला लागले. त्यातला एक अधिकारी टॉमस कनिंगहॅम. काही दिवसांपूर्वी दुसऱ्या ब्रिटिश खलाशांच्या अंत्यविधीसाठी त्यानंच आपल्या बोटीवरचे झेंडे दिले होते. त्यातलाच उरलेला झेंडा त्याच्या शवपेटीवर घातला गेला. दोन थडग्यांवर नावं नाहीत. गावातल्या एका घरानं ती जमीन दिली, आणि दर वर्षी मे महिन्यात तिथे माणसं जमतात. अनोळखी माणसाचं वर्षश्राद्ध घालणारं गाव.

वाळू मात्र कुणासाठी थांबत नाही. हॅटरसचा दीपस्तंभ १८७० मध्ये बांधला तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता, पुढे तो शंभर-सव्वाशे फुटांवर येऊन ठेपला. १९९९ मध्ये अख्खा स्तंभ, जवळपास पाच हजार टनांचा, रुळांवरून सरकवत २९०० फूट आत नेला. तेवीस दिवस लागले. राखणदारांची नावं कोरलेले पायाचे दगड जुन्या जागीच होते. समुद्र त्यांच्यावरही चढायला लागला, तेव्हा तेही उचलून आत आणावे लागले. रोडँथीत २०२० पासून कित्येक घरं समुद्रात कोसळली. गेल्या खेपेला आम्ही एका घराचा जिना नुसताच उभा बघितला, वर घर नव्हतं. पुळणीवर फळ्या, खिळे, एक खुर्ची. सव्वाशे वर्षांपूर्वी जहाजांचं जे वाहून यायचं, ते आता घरांचं येतंय.

परतताना आम्ही रोअनोक बेटावर थांबलो. मत्स्यालयाच्या आवारात एथरिजचं थडगं आहे, शेजारी बायको आणि मुलगी. लेकीनं दगडावरचं नाव मोठ्यानं वाचलं. मग मला म्हणाली, "आणि आपल्या मामाआजोबांना ज्यांनी काढलं, त्यांचं नाव काय?"

मला सांगता येईना. तिकडे सकाळ उजाडली असेल असा हिशेब करून रात्री आईला फोन लावला.

"रेवसचा कुणी कोळी होता," आई म्हणाली. "नाव कुठलं आठवायला? आजीला माहीत असणार. मला नाही."

"कुणी विचारलं नाही?"

"अगं, मामा जायचा ना. दर नारळी पौर्णिमेला एक नारळ आणि धोतरजोडी घेऊन रेवसला जायचा, म्हातारा होईपर्यंत. दिवसभर तिथे बसून संध्याकाळी यायचा." आई थोडा वेळ बोलली नाही. "घर त्याला माहीत होतं. आम्ही कुणी कधी बरोबर गेलो नाही."